म्हशीचा खड्डा

"म्हशीचा खड्डा आला. डावं चाक सांबाळ," मामा म्हणाले, आणि मी सांभाळायच्या आत डावं चाक खड्ड्यात गेलं. खाडकन आवाज झाला, माझं डोकं वर टपाला लागलं, मागच्या सीटवरचा लसींचा डबा खाली पडला आणि गाडी पुढं बराच वेळ होडीसारखी डोलत राहिली.

"सांगितलं होतं का न्हाई?" मामा म्हणाले.

"खड्ड्यात गेल्यावर सांगितलं तुमी."

"आधीच सांगितलं. तुजा हात उशिरा फिरला. अजून हात बसला न्हाई तुजा."

हे वाक्य मी गाडी शिकले त्या दिवसापासून ऐकतेय. आता त्याचा राग येत नाही, ऐकलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

मामा म्हणजे माझे सासरे, माणिकराव. सगळी नोकरी त्यांनी एसटीचं स्टेअरिंग धरून काढली, त्यातली निम्मी तरी येलदरीच्या मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी परभणीहून निघायचं, रात्री येलदरीला गाडी लावायची, सकाळी तीच गाडी घेऊन परत. रिटायर झाले आणि काचबिंदूनं डोळे नेले. आता त्यांना उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. तरी बोरीपासून येलदरीपर्यंतचा एकेक खड्डा ते नावानं ओळखतात. पाटलाचा खड्डा, जावयाचा खड्डा, म्हशीचा खड्डा. म्हशीच्या खड्ड्यात एका श्रावणात खरीच एक म्हैस येऊन बसली होती. हॉर्न वाजवला, शेपटी पिरगाळली, बाई काही उठेना. शेवटी बसमधल्या लोकांनी खाली उतरून भाकरी खाऊन घेतल्या, हात धुतले, तरी ती बसलेलीच. जावयाच्या खड्ड्याची गोष्ट मामा माझ्यासमोर सांगत नाहीत.

दिसत नसताना खड्डा कळतो कसा, हे मीही सुरुवातीला विचारलं होतं.

"ड्रायव्हरचे डोळे बुडाला असत्यात," ते म्हणाले. "आधी रस्ता खरबरतो, मंग गाडी जराशी कलती, मंग खड्डा. सीटच सांगती सगळं."

मी शिवकन्या, आरोग्यसेविका. येलदरीच्या उपकेंद्रावर माझी नेमणूक. राहायला बोरी, म्हणजे रोज बोरीहून जिंतूर आणि जिंतूरहून येलदरी. माझे मिस्टर परमेश्वर यांनी ही जुनी गाडी मोठ्या हौसेनं घेतली, आणि महिना होतो न होतो तोच त्यांना सेलूला कापसाच्या जिनिंगवर काम लागलं. ते तिकडं, गाडी इकडं दारात उभी. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायला लागल्या, तेव्हा मामांना राहवलं नाही.

"उभी गाडी मरती," ते म्हणाले. "पोरी, चल बस."

एका आंधळ्या माणसानं मला गाडी शिकवली हे सांगितलं की लोक हसतात. बोरीच्या लोकांनी तर माळाच्या कडेला ओळीनं उभं राहून हसून घेतलं. मामांचा एक हात गिअरच्या दांड्याच्या बुडाशी असायचा आणि कान इंजिनाला. क्लच लवकर सुटला की माझ्याआधी त्यांना कळायचं. त्यांचा उजवा पाय तर कधीच गप्प बसला नाही. मी जरा वेगात गेले की तो पाय खालच्या चटईवर दाबला जायचा, जसा काही तिथं ब्रेकच आहे. माझ्या बाजूची चटई अजून धड आहे. त्यांच्या बाजूच्या चटईला उजव्या पायाखाली भोक पडलंय.

आणि एक नियम होता, त्यात माफी नाही. ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्यानं झोपायचं नाही. शेजारचा झोपला की ड्रायव्हरच्या डोळ्यावर झोप येते. परमेश्वरना एकदा माझ्या शेजारी डुलकी लागली, तर मामांनी मागच्या सीटवरून त्यांच्या पाठीत कोपर घातलं आणि गाडी थांबवून जागा बदलायला लावली. स्वतः तर ते कुठल्याच गाडीत कधी झोपले नाहीत. संभाजीनगरहून डोळ्याचं ऑपरेशन करून आणताना दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, तरी पाय दाबणं चालूच. गाडीवाला वैतागून म्हणाला, बाबा, पट्टी सुटंपर्यंत तरी माझ्यावर विश्वास ठेवा.

खरं सांगायचं तर आता रस्ता दाखवायला मला कुणाची गरज नाही. गरज आहे ती मामांना. येलदरीला बन्सीधरचं चहाचं हॉटेल आहे, जिथं ते मुक्कामी गाडी लावायचे. मी उपकेंद्रावर जाते, ते तिथं बाकड्यावर बसतात. धरणावरचे मासेमारी करणारे, रिटायर झालेले वायरमन, सगळे त्यांना 'डायवर साहेब' म्हणतात. संध्याकाळी मी परत घेऊन येते. त्या बाकड्यासाठी हा माणूस सकाळी उठून दाढी करतो. ते बाकडं सुटलं तर त्यांना खाटेवरून उठवायला मलाच सुया टोचाव्या लागतील, हे मी नर्स म्हणूनही ओळखून होते आणि सून म्हणूनही.

तर त्या दिवशी खड्ड्यातला आवाज काही बरा वाटला नाही, म्हणून मी जिंतूरला मुंजाजीच्या गॅरेजवर गाडी घातली. मुंजाजीनं बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी खाली दाबली आणि सोडली. चांगली गाडी एकदा वर येऊन गप्प बसते. आमची खाली-वर, खाली-वर करत राहिली. मुंजाजी हात कमरेवर ठेवून तिचं संपायची वाट बघत उभा राहिला.

मग चाकामागं वाकून, खड्ड्यांचे धक्के झेलणारे शॉकअप बघत म्हणाला, "ताई, दोन्ही शॉकअपनं तेल सोडलंय. मेलेत हे. नुसते नावाला हायत."

"काई मेले न्हाईत," मामा आतूनच बोलले. "अजून साल काढत्यात."

"मामा, टायर बगा की. एका अंगानं खाल्लंय सगळं." मग त्याला आठवलं आणि तो ओशाळला. "मनजे, हात लावून बगा. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालायली. लसीचा डबा घेऊन फिरत्यात ताई."

मामांनी खाली उतरून टायरवरून हात फिरवला. एका बाजूला नक्षी, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत. तरी ते सोडायला तयार नव्हते.

"एकच बदल मंग. डावा."

"जोडीनंच बदलावे लागत्यात. एक नवा, एक जुना ठिवला की गाडी वढती. तुमाला मी काय सांगावं?"

हे मामांना चांगलंच माहीत होतं. तरी त्यांनी घासाघीस केली, तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. मला वाटलं, म्हातारं माणूस, सवयीनं आडवं लावतंय.

रविवारी काम झालं. मुंजाजीनं जॅक लावला, चाकं काढली, स्प्रिंग शिकंज्यात आवळून जुने शॉकअप बाहेर घेतले. मामा स्टुलावर बसून पान्याचा आवाज ऐकत होते आणि मध्येच "वरचा नट आजून आवळ" म्हणून सांगत होते. शेवटी म्हणाले, "जुने पोत्यात घाल." ड्रायव्हर लोकांची रीतच आहे ही. बदललेला भाग गॅरेजवर सोडायचा नाही, गाडीसोबत घरी न्यायचा, म्हणजे खरंच बदलला याची खात्री राहते. मुंजाजी सख्खा भाचा असता तरी पोतं मागितलंच असतं.

सोमवारी सकाळी निघालो आणि मला गाणं म्हणावंसं वाटायला लागलं. गाडी काय चालत होती म्हणता. खाडखाड नाही, डोलणं नाही, मागचा डबा ठेवला तिथं बसलेला. माझी कंबर किती दिवसांनी माझी वाटली.

मामा ताठ बसले होते, दोन्ही हात सीटच्या कडेला घट्ट.

"म्हशीचा खड्डा येईल आता," ते म्हणाले.

"मागं गेला मामा."

"कवा?"

"मगाशीच. कडेनं काढली मी."

जिंतूर गेलं. पुढं बऱ्याच वेळानं एकदम त्यांचा आवाज चढला. "कालव्याचा पूल. हळू, हळू घे."

इतक्या वर्षांची सवय. त्यांनी हळू म्हटलं आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागून मोटारसायकलवाला येत होता, तो धडकता धडकता राहिला. बाजूला येऊन थांबला आणि काचेतून ओरडला, "ओ बाई, सपाट रोडवर कामून थांबायल्यात? झोपेत हाव का?"

पूल अजून खूप पुढं होता. रस्ता सपाट होता, हे मामांना त्या माणसाच्या तोंडून कळलं.

"चल," ते हळूच म्हणाले.

मंगळवारी मी गाडी काढली तर मामा खाटेवर. दाढी केलेली नव्हती.

"गुडगा धरलाय. तू जा."

बुधवारी पाठ. गुरुवारी म्हणाले, ऊन लई हाय. आभाळ भरून आलं होतं.

घरी बसून त्यांनी आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, जिणं नको केलं. सुमनबाई तशा सोशिक, पण शुक्रवारी मी घरी आले तर दारातच उभ्या होत्या.

"तुज्या सासऱ्याला घेऊन जा बाई कुटं तरी. मी चुलीपुढं बसले की हे मागून, आता तेल तापलं, आता जिरं टाक, हळू, हळू. मला काय गाडी समजायलेत का?"

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. येलदरीला बन्सीधर रोज विचारत होता, डायवर साहेब कुटं हायत, त्यांचा ग्लास धुऊन ठिवलाय. मी एकटी जात होते, एकटी येत होते. गाडी पाण्यासारखी चालायची आणि मला करमायचं नाही. हात बसला नाही, असं म्हणायला कुणी नव्हतं.

मामा आत खाटेवर बसले होते. त्यांनी पोत्यातला एक जुना शॉकअप काढून मांडीवर घेतला होता. धोतराला काळं तेल लागलेलं. ते दांडा आत ढकलत होते, तो आत जाऊन तिथंच राहायचा. बाहेर ओढायचे, बाहेरच राहायचा.

"ह्याच्यात जीवच न्हाई," माझी चाहूल लागताच ते म्हणाले. "ढकललं तिकडं जायलाय."

"मेलेलाच होता मामा. मुंजाजी मनलाच होता."

"हां." ते जरा वेळ दांडा आत-बाहेर करत राहिले. "मला वाटायचं, मला रस्ता कळतोय. ह्यो मेलेला होता मनून कळत होता. गाडी धड असती तर मला काईच कळलं नसतं."

त्यांनी तो शॉकअप जपून पोत्यात परत घातला. मी चहा टाकायला गेले आणि तिथं उभी राहून रडून घेतलं.

शनिवारी मी मुंजाजीकडं गाडी घातली.

"ताई, आवाज येतोय का काई?"

"न्हाई. जुने शॉकअप परत बसव."

मुंजाजीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग परत माझ्याकडं.

"कुटले जुने?"

"आपलेच. पोतं डिकीत हाय."

"ताई, तुमची तब्येत बरी हाय ना? लोकं जुने काढून नवे बसवत्यात. नवे काढून मेलेले बसवणारं गिऱ्हाईक मी अजून बगितलं न्हाई."

"बसवतो का न्हाई?"

"न्हाई. हातानं खून केल्यासारखं हाय ते." तो खरंच चिडला होता. "मला इमानानं धंदा करू द्या. उद्या गाडी कुटं आदळली तर गाव मला मनंल."

मी रागानं निघून आले. मला वाटलं, विषय संपला. मुंजाजीला तसं वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी डबा घेऊन बाहेर आले तर मामा गाडीत पुढच्या सीटवर बसलेले. दाढी केलेली, टोपी घातलेली, चेहरा लाल. माझं दार लागायच्या आत सुरू झाले.

"मुंजाजीचा फोन आलता. काय मनलीस त्याला?"

"जुने बसव मनलं."

"कामून?"

"तुमाला रस्ता कळावा मनून."

"आन लसीचं काय? तुज्या कंबरंचं काय? ऐन वक्ताला ब्रेक लागला न्हाई तर? मेलेल्या शॉकअपवर गाडी पळवायची? असली ड्रायव्हरी कुणी शिकवली तुला?"

"तुमीच."

"मी न्हाई शिकवली असली." त्यांनी पट्टा ओढून लावला. "चल. आता मी रोज येणार. तू काय काय काढून काय काय बसवशील, नेम न्हाई."

आत्याबाई दारातून बघत होत्या. त्यांनी मला हातानंच खूण केली, निघ लवकर, विचार बदलायच्या आत.

गाव मागं पडलं. मी धीर केला. "मामा, एक खरं सांगते. रस्ता मला दिसतो. खड्डा दाखवायला तुमी नसले तरी चालंल. पण शेजारी तुमी पायजेत. एकटीला करमत न्हाई मला."

त्यांनी तोंड काचेकडं वळवलं. तसेच म्हणाले, "नुसतं बसून काय करू?"

"शिव्या द्या."

"शिव्या द्यायला चूक तर कर."

मी गाडी चालवत होते, म्हणून समोर बघत राहिले. नाहीतर काय केलं असतं कुणास ठाऊक.

"आता म्हशीचा खड्डा येतोय," मी म्हणाले. "उजवीकडून काढते."

"मागं बगितलं का?"

"बगितलं. कुणी न्हाई."

"काढ."

मी काढली. "गेला."

"कळला न्हाई," मामा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मनजे बरोबर काढली."

मग मीच सांगत गेले. पाटलाचा खड्डा, बुजवलाय त्यो. कापसाचा ट्रक येतोय, जरा थांबते. शेरडं आडवी आलीत. मामा 'हां' म्हणत होते. मध्ये त्यांनी काच खाली घेतली, वाऱ्यावर हात धरला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. जिंतूर मागं पडलं. ऊन कोवळं होतं, गाडी एका लयीत चालली होती.

"कालव्याचा पूल आला मामा. आता खरंच आला."

उत्तर आलं नाही. मला वाटलं रागावले. पूल ओलांडला आणि डावीकडं बघितलं. टोपी डोळ्यांवर आली होती, मान दाराकडं कलली होती, तोंड जरासं उघडं. मामा झोपले होते.

पहिल्यांदा मला भीतीच वाटली. नर्सचं मन. एका हातानं मी त्यांचं मनगट धरलं. नाडी संथ चालत होती. श्वासाला बारीक घोरणंही होतं.

नियमानं त्यांना उठवायला पाहिजे होतं. कोपर घालून मागच्या सीटवर पाठवायला पाहिजे होतं. मी गिअर बदलला तोसुद्धा त्यांना कळू नये असा बदलला. माझा हात बसला, असं त्यांनी मला कधीच म्हटलं नव्हतं, आणि आता ते झोपेत होते. माझे डोळे भरून आले, तर मी ते पुसले, कारण रस्ता दिसायला हवा होता.

येलदरीला बन्सीधरच्या हॉटेलापुढं गाडी अगदी हळू उभी केली. इंजिन मात्र बंद केलं नाही. ड्रायव्हर माणूस कितीही गाढ झोपला असला तरी इंजिन बंद झालं की जागा होतो.

बन्सीधर ग्लास घेऊन धावतच आला. "आले का डायवर साह..." मी ओठांवर बोट ठेवलं. त्यानं काचेतून आत वाकून बघितलं.

"झोपले?" तो कुजबुजला.

"हाव."

"गाडीत? पुढच्या सीटवर?"

तरुणपणी बन्सीधरला एकदा एसटीच्या केबिनमध्ये डुलकी लागली होती, तर मामांनी त्याला भर गाडीत उठवून सगळ्यात मागं पाठवलं होतं. तो ते अजून विसरलेला नाही. काचेवर टकटक करायला त्यानं हात वर उचलला. तोंडावर हसू मावत नव्हतं. मग हात तसाच थांबला आणि खाली आला. त्यानं ग्लासवर बशी झाकली, ग्लास बॉनेटवर ठेवला आणि पाय न वाजवता हॉटेलात गेला.

हॉटेलासमोरच्या उपकेंद्राच्या दारात बाया पोरं कडेवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना मी खिडकीतून हात केला, आलेच. इंजिन संथ चालू होतं. मामांची उजव्या पायाची चप्पल निघाली होती, आणि तो पाय चटईच्या भोकापासून बाजूला, सैल पडला होता.